एकजण जरी नको म्हणाली तर

आगाशी,
८ नोव्हेंबर १९९८

चंद्रहासदादा,

साष्टांग नमस्कार घालायला तू समोर नाहीस, आणि असतास तरी मी घातला नसता. दिवाळीला आला नाहीस. पुण्याच्या मोठ्या कंपनीत पर्सोनेल ऑफिसर झालं की आतेबहिणीला विसरायचं, असं तुमच्या नियमात लिहिलंय का? फोन करीन म्हटलं, पण बूथवर मागे रांग लागते आणि अर्धी आगाशी कान टवकारून ऐकते. म्हणून पत्र.

ऐक, आमचा गाळा सुरू झाला!

तुला अर्धंच ठाऊक असेल म्हणून पहिल्यापासून सांगते. बारा वर्षं ज्या शेठकडे मी विजेचे स्विच जोडत होते, त्याने दीड वर्षापूर्वी कारखान्याला कुलूप लावलं. चाळीस बायका रस्त्यावर आल्या. कामगार आयुक्तांच्या कचेरीत आम्ही चौदा महिने चपला झिजवल्या, तेव्हा कुठे थकलेल्या पगाराऐवजी त्याने यंत्रं द्यायचं कबूल केलं. चार हातप्रेस, दोन रिव्हेटची यंत्रं आणि एक टेस्टिंगचा बोर्ड. तोवर आम्ही एकवीसजणीच उरलो होतो. त्या एकवीसजणींनी सहकारी संस्था काढली, विरार पूर्वेला गाळा भाड्याने घेतला, आणि गेल्या सोमवारपासून आम्ही आमचे स्विच जोडतोय. आता शेठही नाही आणि सुपरवायझरही नाही.

पहिल्या दिवशी काय झालं सांगू? आमची सरला अकरा वाजता उभी राहिली आणि म्हणाली, "जाऊन येऊ का?" कुणाला विचारतेय? भिंतीला! शेठकडे लघवीला जायचं तर लाकडी बिल्ला घ्यावा लागायचा, आणि चाळीस बायकांत बिल्ले दोन. सरलाला आता परवानगी कुणाची घ्यायची तेच कळेना. आम्ही पोट धरधरून हसलो. मग एकदम कुणीच हसेना.

अध्यक्ष केलंय यमुनाबाईंना. अर्नाळ्याच्या आहेत, वय साठीकडे, सही करतात तेवढंच लिहिणं. त्यांनी पहिल्याच सभेत एक नियम घालून दिला. मोठी गोष्ट ठरवायची तर मतं मोजायची नाहीत. सगळ्यांना एकेक करून विचारायचं, आणि एकजण जरी नको म्हणाली तर महिनाभर ती गोष्ट करायची नाही. महिन्याने परत विचारायचं. आणि नको म्हणणारीला कारण विचारायचं नाही. ती आपणहून बोलली तर ऐकायचं.

मी म्हटलं, हे कुठलं खूळ? तर म्हणाल्या, "माज्या सासऱ्याच्या होरीवर ह्योच कायदा व्हता. वारा सुटला की नाखवा सगल्यांना इचारायचा. येक खलाशी नको बोलला की होरी काढायची नाय. घाबरलेल्याला जबरदस्तीनं नेला तर तो वक्ताला हात सोडतो, मंग सगलीच बुडतात." सगळ्यांनी हो म्हटलं.

हा गाळा चालला नाही तर आम्हाला दुसरं काही नाही, दादा. चाळिशीच्या पुढच्या बायकांना आता कुठला कारखाना घेतो? तू या लाइनीतला माणूस आहेस. काही चुकत असेल तर सांग.

तुझी,
वसू

*

पुणे,
२३ नोव्हेंबर १९९८

प्रिय वसू,

कोरडा का होईना, नमस्कार पोचला. दिवाळीबद्दल कान पकडतो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा स्वतःशी, एकदा हिला, एकदा मुलांना. भले शाब्बास! गेली सोळा वर्षं मी माणसं कामावर घेण्याचं आणि काढण्याचं काम करतोय. त्यातल्या कुणी उठून आपला कारखाना काढला असं एकदाही पाहिलं नाही. तुम्ही एकवीस बायकांनी ते केलंत, तेही चौदा महिने कचेरीच्या पायऱ्यांवर बसून. खरं सांगतो, मला तुझा हेवा वाटला.

पण तुमच्या यमुनाबाईंचा तो नियम मात्र डोक्यावरून गेला. समुद्रावर ठीक आहे. धंद्यात एकीच्या हट्टापायी वीसजणी महिनाभर हात चोळत बसणार? आणि वर कारणही विचारायचं नाही! वसू, हा नियम तुम्हाला बुडवील. सभ्यपणे बहुमताने ठरवा, जगभर तसंच चालतं.

आता माझ्या उत्सुकतेसाठी सांग. दिवसाला किती स्विच होतात? खराब किती निघतात? काम कोण वाटून देतं? सुपरवायझरशिवाय शिस्त कशी राहते? इथे पंधरा माणसांवर एक सुपरवायझर असूनही आमची रड असते, म्हणून विचारतो.

तुझा,
चंद्रहास

*

आगाशी,
१७ जानेवारी १९९९

चंद्रहासदादा,

साहेबांच्या प्रश्नपत्रिकेला उत्तरं लिहायला बसलेय, गुण मोजून दे.

दिवसाला दोन हजारांच्या आसपास स्विच होतात. बावीसशेच्या वर कधी गेलो नाही, आणि जायचंही नाही, कारण मग पितळी पत्ती नीट बसत नाही. शंभरात एखादा खराब निघतो, तोही दुकानात जाण्याआधी आमच्याच टोपलीत पडतो. ते श्रेय डेल्फिनबायचं. वटारची आहे, अख्ख्या दिवसात दहा शब्द बोलेल तर शपथ. टेस्टिंगच्या बोर्डावर ती बसते. प्रत्येक स्विच तीनदा खटखटवते. दिवा लागला तरी आवाज आवडला नाही की बाजूला टाकते. आम्ही उघडून बघतो तर स्प्रिंग तिरकी असतेच.

काम कुणी वाटून देत नाही. दर सोमवारी जागा बदलतात, म्हणून प्रत्येकीला प्रत्येक काम येतं. फक्त बोर्ड डेल्फिनबायकडेच, ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. कुणी आजारी पडली तरी कमाईतला तिचा वाटा तिच्या घरी जातो. सरलाला कावीळ झाली तेव्हा सहा आठवडे गेला. शिस्तीचं विचारलंस. आमच्यातली फ्लॉसी उशिरा आली की तिला कुणी काही बोलत नाही, सगळ्या नुसत्या घड्याळाकडे बघतात. ती स्वतःच म्हणते, यापेक्षा शेठच्या शिव्या बऱ्या होत्या!

आणि हो, तुझं एक खरं ठरलं. भाईंदरचा एक व्यापारी जुना पॉवरप्रेस स्वस्तात देत होता. वीसजणी हो म्हणाल्या आणि फ्लॉसी नको म्हणाली. महिनाभर थांबलो, तेवढ्यात प्रेस दुसऱ्याने नेला. कारण विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. दुसऱ्या दिवशी तिला बघून माझा नुसता तिळपापड होत होता.

पण एक सांगते. शेठकडे बारा वर्षांत मला कधी कुणी विचारलंच नाही, की बाई तुला काय वाटतं. इथे यमुनाबाई माझ्यासमोर उभ्या राहतात, डोळ्यांत बघतात आणि विचारतात, "वसुंधरा, तू काय बोलतेस?" अंगावर काटा येतो रे. कधी तरी येऊन बघ.

तुझी,
वसू

*

पुणे,
२ फेब्रुवारी १९९९

प्रिय वसू,

शंभरपैकी शंभर! तुझं पत्र मी खिशात घेऊन हिंडतोय. ऑफिसातही तुमचं कौतुक केलं, लोक थक्क झाले. एकवीस बायका आणि सुपरवायझर नाही, यावर कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा मी चक्क पत्र काढून दाखवलं. रागावू नकोस, घरगुती मजकूर वगळला.

डेल्फिनबायना माझा नमस्कार सांग. फ्लॉसीबाईंना नको सांगूस.

तुझा,
चंद्रहास

*

आगाशी,
११ एप्रिल १९९९

चंद्रहासदादा,

आज माझे पाय जमिनीवर नाहीत!

मुंबईच्या एका एजन्सीचे दोन गृहस्थ गाळ्यावर आले होते, गळ्यात टाय आणि हातात बॅगा. आमचा सगळा माल पाच वर्षं तेच घेणार, कच्चा माल तेच देणार, वर दोन नवी यंत्रं वापरायला देणार. दुकानं पालथी घालायला नकोत, की दलालांच्या दाढ्या कुरवाळायला नकोत. फ्लॉसीने तर टेबलाभोवती फेरच धरला. ते सगळं बघून गेले आणि म्हणाले, आम्ही तुमच्याबद्दल फार ऐकलंय. कुणाकडून ते मात्र बोलले नाहीत. बघ, विरारच्या कोपऱ्यातल्या आमच्या गाळ्याचं नाव मुंबईपर्यंत गेलं.

करार तेरा पानांचा आहे, आणि सगळा इंग्रजीत. झेरॉक्स सोबत पाठवतेय. आमच्यात इंग्रजी वाचणाऱ्या दोघी-तिघी आहेत, पण दुसऱ्या पानावरच त्यांना घाम फुटला. मी सगळ्यांना सांगितलं, काळजी करू नका, माझा भाऊ याच कामातला आहे, तो वाचून सांगेल. एक मेला सभा आहे. त्याआधी तुझं उत्तर हवं. तू बरं म्हणालास तर बरं, नको म्हणालास तर नको. आमच्या संसारांचा प्रश्न आहे, दादा. नीट वाच.

तुझी,
वसू

*

पुणे,
२४ एप्रिल १९९९

प्रिय वसू,

कराराची प्रत मिळाली. वाचली. अशा करारांत साधारणपणे जी कलमं असतात तीच यात आहेत. सही करायला हरकत नसावी.

कामाच्या घाईत आहे. सविस्तर नंतर लिहीन.

तुझा,
चंद्रहास

*

आगाशी,
९ मे १९९९

चंद्रहासदादा,

डोकं फुटायची वेळ आलीय.

एक मेला सभा झाली. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. चार ओळींचंच होतं, पण म्हटलं, घाईत असशील. यमुनाबाईंनी एकेकीला विचारलं. हो, हो, हो. मला विचारलं, मी म्हटलं, हो, मला सगळं समजलंय, भावाने वाचलंय. शेवटी डेल्फिनबाय. ती बोर्डापाशी उभी होती, पदराशी चाळा करत. खालच्या आवाजात म्हणाली, "नको."



ज्या बाईला दिवसाला दहा शब्द लागत नाहीत, तिला हाच एक शब्द सापडावा? एजन्सीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. महिनाभर थांबा म्हटल्यावर त्याचं तोंड कडू झालं. म्हणाला पंधरा जून ही शेवटची तारीख, नंतर आम्ही दुसरीकडे जाऊ. आमची पुढची सभा एक जूनला. तेव्हाही ती नको म्हणाली तर संपलंच.

मी खोटं बोलत नाही, त्या आठवड्यात आम्ही तिच्याशी नीट वागलो नाही. चहाला तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. मीही बसले नाही. ती आपली स्विच खटखटवत राहिली. मग मी यमुनाबाईंना म्हटलं, हा नियमच बदलू या, बहुमताने ठरवू, जगभर तसंच चालतं. त्या म्हणाल्या, "बदलू की. पन नियम बदलायचा ही पन मोठी गोष्ट हाय. सगल्यांना इचारते." विचारलं. वीसजणी हो म्हणाल्या. मग त्या स्वतःकडे बोट करून म्हणाल्या, "आनि मी बोलते, नको." डेल्फिनबायसुद्धा हो म्हणाली होती रे! काय करू मी या बायकांचं?

आता तूच काही तरी कर. डेल्फिनबायला समजेल असं सोप्या मराठीत एक पत्र लिही, करारात काय फायदा आहे ते. कारण विचारायला बंदी आहे, पत्र वाचून दाखवायला नाही. तुझ्या शब्दाला मान आहे इथे. पण एक जूनच्या आत.

तुझी,
वसू

*

पुणे,
२२ मे १९९९

प्रिय वसू,

हे पत्र सोप्या मराठीत आहे. डेल्फिनबायना आणि सगळ्यांना वाचून दाखव. काही वगळू नकोस.

सही करू नका.

ती एजन्सी आमच्या कंपनीचीच आहे. नाव वेगळं, पाटी वेगळी, पैसा आमचा. पुण्याला आमच्या स्विचच्या लाइनवर एकशे चाळीस कायम कामगार आहेत. युनियन आहे, त्यामुळे त्यांना सहज काढता येत नाही. म्हणून काम थोडं थोडं बाहेर द्यायचं आणि मग इथे काम नाही म्हणून ती लाइन बंद करायची, असं ठरलं आहे. काम द्यायला छोटे गाळे शोधत होते. फेब्रुवारीत मी तुझं पत्र साहेबांना दाखवलं. कौतुकाने दाखवलं, वसू, माझ्यावर विश्वास ठेव. वाटलं होतं, ते म्हणतील वा! त्यांनी पत्ता मागितला. मी दिला.

करारातली कामगारांची कलमं मी लिहिली. नववं कलम सांगतो. दिवसाला पंचवीसशे स्विच द्यायचे, दुसऱ्या कुणाला माल विकायचा नाही, आणि दोन महिने आकडा कमी पडला तर तुमच्या मालकीच्या यंत्रांसकट गाळा एजन्सीकडे जातो. मग किती बायका ठेवायच्या आणि कोणत्या, ते एजन्सी ठरवणार. आजारी बाईला वाटा बंद. पंचवीसशे हा आकडा कुठून आला? तूच लिहिलं होतंस, बावीसशेच्या वर जात नाही म्हणून. तुम्हाला गाठता येणार नाही असाच आकडा हवा होता.

एप्रिलमध्ये तुझी प्रत आली तेव्हा मी टपालाने परत आलेलं स्वतःचंच लिखाण वाचत होतो. त्या चार ओळी लिहायला मला दहा दिवस लागले. मनाची समजूत घातली, की मी नाही म्हणालो तरी कंपनी दुसरा गाळा शोधीलच, निदान तुम्हाला दोन-चार महिने काम तरी मिळेल. लाज वाटते.

तुमचा नियम खुळा आहे असं मी लिहिलं होतं. आमच्या बोर्डाच्या बैठकीत अकरा शहाणी माणसं बसतात. हा करार तिथे दहा मिनिटांत मंजूर झाला. तीन-चारजणांना तो पटला नव्हता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण विचारलंच कुणी नाही. आणि तुमच्या गाळ्यात एक बाई वीसजणींसमोर, चहाला एकटी पडूनही, नको म्हणून उभी राहिली, आणि तुम्ही दात-ओठ खात का होईना, तिचं ऐकलंत. डेल्फिनबाय, तुम्हाला कसं कळलं ते मला ठाऊक नाही. मी तुमच्या पाया पडतो. यमुनाबाईंच्याही.

मी राजीनामा दिलेला नाही. खोटं कशाला सांगू, मुलं शिकतायत, तेवढी छाती नाही. पण रविवारी मी मोकळा असतो. तुम्ही येऊ दिलंत तर येईन. दुकानदारांशी करार कसे करायचे, सहकारी भांडारांना माल कसा द्यायचा, हे मला येतं. फुकट करीन. एकदा सगळ्यांना विचार.

चंद्रहास

*

आगाशी,
४ जुलै १९९९

चंद्रहासदादा,

तुझं पत्र मी एक जूनच्या सभेत वाचलं. काही वगळलं नाही. नवव्या कलमापाशी मी कागद फ्लॉसीकडे दिला, पुढचं तिने वाचलं.

वाचून झाल्यावर सगळ्या डेल्फिनबायकडे बघायला लागल्या. फ्लॉसीने तोंड उघडलं होतं, तर यमुनाबाईंनी असे डोळे वटारले की तिने ते मिटून घेतलं. मग डेल्फिनबाय आपणहून बोलली. म्हणाली, "मला काय कळलेलं नव्हतं. कळलंच नाय तर हो कसं म्हणू?"

एवढंच. तिला डाव-बिव काही दिसला नव्हता. तिला करार समजला नव्हता. आम्हा वीसजणींनाही समजला नव्हता, दादा. फरक इतकाच की आम्हाला ते सांगायची लाज वाटली. आणि मी तर भर सभेत छातीवर हात ठेवून म्हटलं होतं, मला सगळं समजलंय. त्या दिवशी चहाला मी तिच्या बाकावर जाऊन बसले. ती थोडी सरकली आणि माझ्या बशीत तिचं बिस्किट ठेवलं. मला रडू आवरेना.

एजन्सीला आम्ही नकार कळवला. ते तणतणत गेले. आता पुन्हा दुकानं पालथी घालतोय. फ्लॉसी आणि मी गेल्या आठवड्यात पालघरपर्यंत जाऊन आलो. चार दुकानदार मिळाले, पाचव्याने चहाही विचारला नाही. कठीण आहे, पण गाळा आमचा आहे.

आता तुझ्या विचारण्याचं. तू कबूल केलंस, त्याला छाती लागते, हे मी सगळ्यांसमोर बोलले. तुझ्या पत्राने आमची यंत्रं वाचली हेही बोलले. मग एक जुलैच्या सभेत यमुनाबाईंनी एकेकीला विचारलं, याला रविवारी येऊ द्यायचं का? डेल्फिनबाय सगळ्यात आधी हो म्हणाली. सरला हो. फ्लॉसी म्हणाली, मला नमस्कार सांगू नको म्हणालेला तो, तरी हो. वीसजणी हो म्हणाल्या.

एकजण नको म्हणाली. ती मी.

मला कारण कुणी विचारलं नाही, पण मी आपणहून सांगितलं. तुझ्या पत्रात आम्हा एकवीसजणींची माफी आहे. पुण्याच्या त्या एकशे चाळीस माणसांना मात्र अजून काहीच माहीत नाही. ते रोज सकाळी डबा घेऊन कामावर येतात, आणि तू त्यांच्यासमोरून जातोस. चौदा महिने कचेरीच्या पायऱ्यांवर बसणं काय असतं ते मला ठाऊक आहे. मला जर कुणी चार महिने आधी सांगितलं असतं, तर आम्ही चाळीसच्या चाळीस राहिलो असतो.

एक ऑगस्टला यमुनाबाई परत विचारतील. तू त्या एकशे चाळीसजणांना सांगितलंस का, तेवढं त्याआधी कळव.

वसू